एक जूनच्या पोरी

त्या शुक्रवारी शाळेतल्या खिचडीत मीठच पडलं नाही. पोरांनी मुकाट्यानं खाल्ली. कारण चुलीपाशी बनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. हातात नवऱ्याचा, गोकुळचा, फोन होता. फोनात बारामतीच्या केंद्राची यादी आली होती. यादीत बारा पोरींची नावं होती. त्या बारांत प्रगती होती आणि मोना नव्हती.

"एकतीसवाली घेतली आन चौतीसवाली टाकली!" बनाबाई ओरडली. "कुठल्या मास्तरानं गणित शिकवलं रं तुला, मुडद्या? चौतीस मोठं का एकतीस?"

मुडद्या म्हणजे केंद्रातला डॉक्टर. तो तिथून पस्तीस किलोमीटरवर बारामतीत बसला होता, त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. पण बनाबाईचं तसंच. रागवायचं माणूस समोर नसलं तरी तिचं काही अडत नाही. भातावर रागावते, पातेल्यावर रागावते, कालवा उशिरा सोडला म्हणून अख्ख्या पाटबंधारे खात्यावर रागावते. गोकुळ बिचारा दोडक्याच्या वेलात शिरून बसतो, संध्याकाळी बाहेर येतो.

आता खिचडी शिजवणाऱ्या बाईला सेंटिमीटरशी काय घेणं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा! सगळे तेच म्हणतात, आणि तिथंच तर तिचं डोकं फिरतं.

बनाबाईचं माहेर पळसदेवचं. धरणाचं पाणी उतरलं की मागं गाळाची सपाट जमीन उघडी पडायची, त्या जमिनीवर ती आणि कोळ्यांच्या पोरी खो-खो खेळायच्या. ओल्या गाळात पाय रुतायचा, आणि रुतलेला पाय उपसून पळता पळता तिच्या मांड्यांत असं बळ आलं, की दहावीत राज्याच्या संघात तिचं नाव लागलं. संघ नाशिकला गेला. बनाबाई गेली नाही, कारण त्याच आठवड्यात तिला हळद लागली. कळंबच्या अलीकडं वस्तीवर गोकुळच्या घरी ती आली तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढं दोन लेकरं झाली, भाजीपाल्याचं रान सांभाळणं आलं, आणि मग वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. शाळेला मैदान होतं. मैदान रिकामं पडलेलं बघवेना, म्हणून एक दिवस तिनं दोन खांब रोवले आणि पोरींना उकिडवं बसवलं. त्याला पंधरा वर्षं झाली.

पोर तयार करायचं तिचं शास्त्र तिचं तिनंच रचलेलं. नवी पोर आली की तिला हात न टेकवता दहादा बसवून उठवायची आणि स्वतः जमिनीला गाल लावून तिच्या टाचा बघायची. टाच उचलत असेल तर पोटरी आखडलेली आहे. मग पोटरी दाबून बघायची, बाजारात दुधी बघतात तशी. नांगरट झालेल्या रानात, ढेकळांत पळवायची. ढेकूळ पायाखाली फुटतं आणि घोटा आपोआप सावरायला शिकतो. सराव संपला की वाटीभर हुलग्याचं माडगं, आणि ते सगळं संपवल्याशिवाय घरी जायचं नाही. तिच्या सहा पोरी जिल्ह्याला खेळल्या. सत्कार झाले ते हायस्कूलच्या सरांचे. शाली त्यांना, नारळ त्यांना, फोटोत ते. बनाबाई मंडपामागं चहाच्या किटल्या भरत उभी. जळो तो सत्कार!

ह्या सगळ्या पोरींत मोनासारखी दुसरी झाली नाही. मोना म्हणजे शालनची पोर. बाप उसाच्या ट्रॅक्टरवर, कधी घरी, कधी चार चार महिने बाहेर. शालन दुसऱ्याच्या रानात भाजी तोडायला जायची. मोना नववीत होती, उंच, काटकुळी, वर्गात मान खाली घालून बसणारी. पण खांबापाशी आली की ती काही वेगळीच व्हायची. धावता धावता आडवी झेप घेऊन खांबाच्या पलीकडची पोर बोटाच्या टोकानं टिपायची आणि मातीत पडायच्या आधी वळलेली असायची. बनाबाई तिला कौतुकाचं अक्षर बोलत नसे. लांबून बघायची आणि मग विनाकारण दुसऱ्या पोरींवर खेकसायची.

जूनमध्ये ते डॉक्टर ऋषिराज मैदानावर आले. पोरगेलेसे, चष्मेवाले, बारामतीच्या एका केंद्रात खेळाडूंच्या स्नायूंवर संशोधन करणारे. खेड्यातल्या पोरींच्या पायांतलं बळ कसं वाढतं, वाढीच्या वयात कुठला सराव कधी दिला म्हणजे ते टिकतं, हे त्यांना तीन वर्षं मोजायचं होतं. त्यासाठी बारा ते पंधरा वयाच्या पोरी निवडून त्यांना बारामतीला ठेवणार, तिथंच शाळा, तिथंच जेवण, तिथंच सराव. आसपासच्या दोन तालुक्यांतून एकशे बेचाळीस पोरी तपासल्या, त्यांत बनाबाईच्या आठ होत्या.

तपासणीला ती पोरींबरोबर गेली होती. काळी रबरी चटई होती, तिच्यावरून उडी मारली की किती सेंटिमीटर वर गेलात ते पडद्यावर यायचं. पळायच्या पट्टीवर उजेडाची फाटकं होती, त्यांतून पळालं की वेळ आपोआप मोजली जायची. मूठ आवळून बळ मोजायचं यंत्र होतं. आणि एक लाकडी पेटी, तिच्यावर पोरीला बसवून नुसत्या धडाची उंची घ्यायचे. सगळं बघून बनाबाईनं नाक मुरडलं.

"एवढी यंत्रं कशापायी? पोटरी दाबून सांगते की मी."

"सांगाल हो मावशी," डॉक्टर हसून म्हणाले. "पण तुमचा हात मला कागदावर नेता येत नाही ना."

तिला हे उत्तर आवडलं. कुणाला सांगितलं नाही, पण आवडलं. परत येताना एसटीत तिनं मोनाला म्हटलंसुद्धा, की हा माणूस बरा दिसतोय, तुझं सोनं होईल. मोनानं त्यावर मान वर करून विचारलं होतं, "खरंच मावशी? मला घेतील?" त्या दिवशी मोना चौतीस उडाली होती आणि प्रगती एकतीस.

आणि आता ही यादी!

शनिवारी सकाळी भात रांधायचं काम तिनं जोडीच्या बाईवर टाकलं, जंक्शनच्या फाट्यावर एसटी बदलली आणि साडेदहाला ती केंद्राच्या दारात उभी राहिली. पहारेकऱ्यानं नाव विचारलं. "माझं नाव तुमच्या सायबाला कळंल आता," असं म्हणून ती आत घुसली.

"या मावशी, बसा."

"बसायला न्हाय आले. चौतीस मोठं का एकतीस, तेवढं सांगा आन मी जाते. कुणाच्या चिठ्ठीवर घेतल्या पोरी? प्रगती बी माझीच हाय, तिचं वाईट चिंतत न्हाय मी. पर मोनाच्या पायाला पाय लावणारी पोर तुमच्या एकशे बेचाळीसांत न्हाय, आन तुमी तिला भाजी तोडायला परत धाडताय! तिच्या आयनं लुगड्याच्या पदराला गाठ मारून वाट बघितली ह्या यादीची. एवढं शिकून तुमाला पोरगी दिसंना व्हय? डोळ्याला लावलंय ते काय, शोभंला?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. पण माणूस शांत. त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडं फिरवला. पडद्यावर चढत जाणारी एक रेघ होती आणि रेघेच्या वर-खाली ठिपके.

"मावशी, नुसती उडीच बघायची असती तर मोजपट्टी पुरली असती. माझी गरज नव्हती. पोरींची उंची एका वर्षात झपाट्यानं वाढते. आधी पाय लांब होतात, स्नायू मागून भरतात. त्या वाढीच्या आधी एकतीस उडणारी पोर पुढं चाळीस उडू शकते. वाढ होऊन गेल्यावर चौतीस उडणारी तिथंच अडकते. म्हणून उडी वयाच्या मानानं बघायची. प्रगती बारा वर्षं दहा महिन्यांची. तिला एकोणतीस पुरे होती, ती एकतीस उडाली. मोना चौदा वर्षं दोन महिन्यांची. तिला पस्तीस लागत होती."

"कोण चौदाची?"

"मोना."

"मोना चौदाची?" बनाबाईचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "अरं, तेरा पुरी न्हाय ती! गौरी जेवायच्या दिवशी झाली. माझ्या हाताला पुरण लागलेलं, तशीच पळत गेले मी शालनच्या खोपीत. नाळ कापली तवा मी दिवा धरलावता. आन प्रगती झाली दसऱ्याला. एका महिन्याचं अंतर हाय दोघींत! तेरा वर्सं व्हायला मोनाला आजून तीन आठवडे हायत!"

डॉक्टरांनी कपाटातली फाईल उघडली. मग त्यांनी कागद काढला. शाळेच्या दाखल्यावर मोनाची जन्मतारीख होती एक जून, दोन हजार दहा.

"तरीच," ते स्वतःशीच म्हणाले. "तिचं बसल्या उंचीचं माप जुळेना. पाय अजून वाढतायत असं दिसत होतं. दोनदा मोजलं मी. मला वाटलं पेटीच वाकडी आहे." त्यांनी खालीवर यादी चाळली, बोटानं मोजत गेले आणि चष्मा काढून टेबलावर टाकला. "मावशी, एकशे बेचाळीसांतल्या अठ्ठावन्न पोरी एक जूनच्या आहेत."

"एका दिवशी अठ्ठावन्न! आन तुमाला शंका आली न्हाय? सगळ्या तालुक्याला एकाच दिवशी कळा आल्या व्हय?"

"आली होती शंका. माझीही तारीख एक जूनच आहे." डॉक्टर निमगाव केतकीचे निघाले. वडिलांनी हात धरून शाळेत बसवलं आणि मास्तरांनी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख ठोकून दिली, तशातले. "मला वाटलं, आता दवाखान्यात जन्म होतात, आता असं कुणी करत नसेल. मूर्खपणा झाला माझा. दोन महिन्यांचं काम पाण्यात."

आता भांडायला समोर कुणी राहिलं नाही, म्हणून बनाबाईनं शिव्यांचं तोंड मास्तरांकडं वळवलं. बापूसाहेब म्हणजे मोना शाळेत बसली तेव्हाचे मुख्याध्यापक. त्यांच्या सात पिढ्या काढून झाल्यावर तिनं विचारलं, की आता पुढं काय.

"जन्माची नोंद ग्रामपंचायतीत?"

"कुणी केली न्हाय. बाप कारखान्याच्या गाडीवर, आय बाळंतीण."

"मग असं करू. सोमवारी तिला आणा. मनगटाचा एक्स-रे काढू, हाडांवरून वयाचा अंदाज येतो. पण नुसत्या एक्स-रेवर मला वरचे लोक विचारतील, की शाळेचा दाखला खोटा कसा. ज्यानं ती तारीख दिली त्याचं लेखी पाहिजे. कुणी दिली, का दिली, खरी कुठली. खाली त्याची आणि आईची सही. एक जागा माझ्या हातात आहे, ती सोमवारी दुपारपर्यंत धरून ठेवतो. त्यानंतर नाही जमायचं मावशी."

"त्या म्हाताऱ्याची सही आणते. मानगुटीवर बसून आणते," बनाबाई म्हणाली आणि तरातरा खाली उतरली.

स्टँडवर आल्या आल्या तिनं बरोबर आणलेल्या गोकुळच्या फोनवरून बापूसाहेबांना फोन लावला. रिटायर होऊन ते आता इंदापुरात लेकाकडं असत. तिनं नमस्कारही घातला नाही. "पोरीच्या आयुष्याचं वाटूळं केलंत तुमी! पावणेपाच वर्सांच्या लेकराला सहाचं लिवलंत! लाज वाटली न्हाय?" असं बरंच. बापूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बनाबाईला ते जुने ओळखत होते, तिचा दम संपेपर्यंत थांबायचं असतं हे त्यांना माहीत होतं.

"झालं?" ते म्हणाले. "आता मी बोलतो. मी शिक्का मारला, तेवढं पाप माझं. पर अर्ज कुणी लिवला, बनाबाई? अक्षर कुणाचं हाय बघ जाऊन. तारीख कुणी घातली? आन पंचविसाचे सव्वीस कुणाला पायजे व्हते, तेवढं आठव."

आणि फोन ठेवला.

बनाबाई फलाटावरच्या बाकावर बसली. जंक्शनची गाडी लागली, भरली, गेली. ती उठली नाही.

दोन हजार सोळाचा जून. शाळेचा पट पंचवीसवर आला होता. पंचवीसपर्यंत पोरं असली की खिचडी शिजवायला एकच बाई. सव्वीस झाली की दोन. दुसरी बाई बनाबाईपेक्षा जुनी होती, म्हणजे जाणार ती बनाबाईच. बापूसाहेब म्हणाले, "एक लेकरू आण कुठलं तरी, मी बघतो बाकीचं." ती वस्त्या हिंडली. पाच वर्षांचं, सहा वर्षांचं एकही मोकळं लेकरू मिळेना, सगळी ऊसतोडीच्या आणि इंग्रजी शाळांच्या वाटेनं गेलेली. मग ती शालनच्या खोपीत गेली. मोना बाहेर धुळीत बसून चिंचोके खेळत होती. "दे माझ्यासंगं," ती शालनला म्हणाली. "रानात किडंकाट्यांत फिरती, त्यापरीस शाळंत बसंल. दुपारचं पोटात बी जाईल." शालननं हात जोडले. तिला ते उपकारच वाटले. अर्ज बनाबाईनं लिहिला. सहा वर्षं पुरी दिसायला हवीत म्हणून साल मागं घेतलं. शालननं दाखवली तिथं सही केली.

मैदानासाठी केलं, पोरींच्या खो-खोसाठी केलं, असं ती आता म्हणू शकली असती. तेव्हा तिनं मनाला तसंच सांगितलं होतं. पण खरं ते खरं. कामासाठी केलं. स्वतःच्या हातातली पळी जाऊ नये म्हणून केलं, आणि मग ते विसरून गेली. आठ वर्षं रोज त्या पोरीला बघत असताना विसरून गेली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ज्या पोरीसाठी बारामतीत जाऊन तिनं डॉक्टरची अक्कल काढली, त्या पोरीच्या पायात पाय हिनंच घातला होता. मोना नववीत, एका महिन्यानं धाकटी प्रगती सातवीत, आणि हे सगळ्या वस्तीला दिसत असून कुणाला नवल वाटलं नाही. दाखल्यावर आहे म्हणजे आहे.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. स्टँडवर माणसं होती म्हणून मारली नाही.

घरी गेल्यावर तिनं वहीतला कागद फाडला आणि लिहायला बसली. एका दमात लिहून काढलं. खोटी तारीख मी दिली, पट वाढावा म्हणून दिली, माझं काम टिकावं म्हणून दिली. खरा जन्म दोन हजार अकरा, गौरीपूजन. गोकुळनं वाचलं आणि तो घाबरला.

"अगं, हे हापिसात गेलं तर कामावरनं काढत्याल तुला."

"काढू दे! चूल काय माझ्या बापाची हाय?"

रविवारी सकाळी ती शालनकडं गेली. शालन आणि मोना अंगणात दोडके निवडत बसल्या होत्या, वाकडे एकीकडं, सरळ क्रेटमध्ये. यादी लागल्यापासून मोना मैदानावर फिरकली नव्हती. बनाबाईला बघून तिनं आणखी खाली मान घातली. बनाबाई दोघींच्या पुढ्यात बसली. शालनला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, आणि मोनाच्या हातात कागद द्यायचा धीर बनाबाईला झाला नाही, म्हणून तिनं स्वतःच मोठ्यानं वाचला. माझं काम टिकावं म्हणून, हे शब्दही तिनं गाळले नाहीत.

वाचून झालं. शालननं नाकावर पदर धरला.

"जाऊ दे, बनाबाई," ती म्हणाली. "तवा पोटाला तरी मिळालं माझ्या लेकराला. तू वंगाळ हेतूनं केलं न्हाय. आन कुठं करू सही?"

बनाबाईच्या छातीवरचा दगड हलला. चला, ही बाई समजूतदार आहे. ती लगेच पहिल्यासारखी जोरात बोलू लागली. "बघ मोने, आता कोण अडवतंय तुला ते! उद्या एक्स-रे काढायचा, कागूद टेबलावर हाणायचा. त्या डाक्टरला मी असा झाडलाय ना, जलमभर ध्येनात ठीवंल. चौतीस उडी तेराव्या वर्सात! सगळ्यांच्या वर हाईस तू. सगळ्यांच्या!"

मोनानं हातातला दोडका खाली ठेवला.

"म्हंजी मी तेरा बी न्हाय?"

"न्हाय. सांगती काय मग!"

"म्हंजी शाळंत बसले तवा मी पाच बी नव्हते."

"…न्हाय."

मोनानं क्रेट बाजूला सारला. मग बोलली ती हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"पहिलीत मला उभं करायचे सगळ्यांच्या फुडं. बाकीच्यांना बाराखडी यायची, मला पेन्शील धरता येत नव्हती. दुसरीत बी तसंच. पोरं मला 'ढ' म्हणायची. मी दुपारी तुझ्या चुलीपाशी येऊन रडायचे, मावशी. तू मला पातेल्याची खरवड काढून द्यायचीस. आन म्हणायचीस, 'रडू नगं बाळ, तुझं डोस्कं जरा जड हाय, देव सगळ्यांना सगळं देत न्हाय.'"

बनाबाईनं तोंड उघडलं.

"मी ते खरं मानलं," मोना म्हणाली. "आजून मानते. वर्गात बाईंनी काय इचारलं तर मी हात वर करत न्हाय. येत आसलं तरी करत न्हाय. मला वाटायचं, आपण ढ, आपल्याला पळायला येतं तेवढं बास. मी ढ नव्हते. मी ल्हान होते. आन तितं एकट्या तुलाच ठावं व्हतं."

"मोने, आईला उलटं—" शालन काहीतरी म्हणायला गेली. तिनं बनाबाईला चुकून आईच म्हटलं होतं. मोनानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्हय," बनाबाई म्हणाली. "ठावं व्हतं."

तिला खूप सांगायचं होतं. की मी रोज तुला वाटीभर माडगं जास्त घातलं, की तुझ्यासाठी मी नवऱ्याशी भांडले, दिराशी भांडले, हायस्कूलच्या सरांशी भांडले. पण ह्यातलं एकही वाक्य त्या पोरीच्या वाक्यापुढं टिकणारं नव्हतं, आणि एवढं कळायला बनाबाई शहाणी होती. तिनं पेन काढून कागदाखाली सही केली. शालननं केली. कागदाची घडी मोनानं घेतली.

"उद्या मी आयेसंगं जाते," ती म्हणाली. "तू येऊ नगं."

सोमवारी बनाबाई शाळेत आली. आल्या आल्या त्या कागदाची दुसरी प्रत तिनं आताच्या मुख्याध्यापकांच्या, अविराज सरांच्या, टेबलावर ठेवली आणि काढायचं असेल तर काढा म्हणाली. सरांनी वाचलं, जरा हसले. "अहो मावशी, ह्यात काय एवढं? सगळीकडं असंच होतं की," असं म्हणून त्यांनी तो हजेरीपटाच्या खाली सारला. आग लागो त्या हसण्याला! पोरीचं अख्खं लहानपण गेलं आणि ह्या बाबाला त्यात एवढं काय दिसेना.

दुपारी गोकुळ फोन घेऊन सायकलवरून आला. नवी यादी आली होती. तेरावं नाव मोनाचं होतं. डॉक्टरांनी खाली चार ओळी लिहिल्या होत्या, हाडांचं वय तेराच्या आत आहे, वाढ व्हायची आहे, पुढं पुष्कळ वाव आहे. गोकुळ हसत होता. त्यानं विचारलं, "पोरीचा काय निरोप आला का तुला?"

"न्हाय," बनाबाई म्हणाली.

"यील की. आनंदात आसंल."

"न्हाय यायचा."

गोकुळ गेला. पोरं जेवून मैदानात पळाली. जोडीची बाई भांडी घेऊन नळावर गेली. बनाबाई चुलीपाशी उभी राहिली, आणि तळपायापासून तिला असा संताप चढत आला, की आजवरचे सगळे राग त्यापुढं पोरखेळ. कुणाला तरी धरून झोडावं म्हणून तिनं आजूबाजूला बघितलं. तिथं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.